क्रकच, करपत्र व दंतुर : पर्णधारेच्या एका संज्ञेचा विचार

जुन्या वैद्यक पोथ्या, निघंटु व बाडें यांचा संग्रह करणाऱ्यांस एक अडचण वारंवार येते. पोथींत वनस्पतीचें नांव असतें, क्वचित् तिचें चित्रही असतें. परंतु ती वनस्पति आजची कोणती हें ठरवितांना वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथाकडे वळावें लागतें. तेथें पानाच्या कडेचें वर्णन करतांना 'सेरेट' ही संज्ञा पदोपदीं भेटते. तिला मराठींत कोणी दंतुर म्हणतो, कोणी दातेरी, कोणी करवती, तर कोणी क्रकचाकार. हे चारही शब्द एकाच अर्थाचे समजून लेखक पुढें जातात. मग उलट्या वाटेनें, पोथींत 'क्रकच' किंवा 'दंतुर' असा शब्द आढळला कीं तेथें शास्त्रांतील सेरेट पानच अभिप्रेत आहे, असेंही धरून चालतात. हें गृहीत बरोबर नाहीं, असें आमचें मत आहे. शास्त्राची संज्ञा डोळ्यानें पाहिलेल्या आकारावर बसविलेली आहे; आपल्या पूर्वजांचीं नांवें बहुधा हाताला आलेल्या अनुभवावर व वस्तूच्या उपयोगावर बसविलेलीं आहेत. हा भेद ध्यानांत न घेतल्यास वनस्पतीची ओळखच चुकते, आणि वैद्यक ग्रंथांत ओळख चुकणें म्हणजे औषध चुकणें होय. म्हणून या संज्ञेचें शास्त्रीय लक्षण प्रथम सांगून नंतर आपल्याकडील शब्दांचा विचार करण्याचें योजिलें आहे.

१. संज्ञेचें शास्त्रीय लक्षण

लॅटिन भाषेंत 'सेर्रा' म्हणजे करवत. त्यावरून सेरेट म्हणजे करवतीसारखी कड असलेला. या शब्दास नेमकें लक्षण मिळालें तें स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याच्या इ. स. १७५१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिया बोटॅनिका' या ग्रंथांत. पानाच्या कडेचे प्रकार सांगतांना त्यानें दांत आहेत कीं नाहींत एवढेंच पाहिलें नाहीं. दांताचें टोंक कोणीकडे वळलें आहे हें पाहिलें. ज्या कडेचे दांत तीक्ष्ण असून पानाच्या अग्राकडे रोखलेले असतात ती सेरेट. ज्या कडेचे दांत तीक्ष्ण असूनही अग्राकडे न वळतां सरळ बाहेर निघतात ती डेंटेट, म्हणजे दांताळ. ज्या कडेचे दांत बोथट व वाटोळे असून कोणत्याच टोंकाकडे कललेले नसतात ती क्रिनेट.

या तिन्हींचीं उदाहरणें आपल्या परसांतच सांपडतात. निंबाची किंवा गुलाबाची पर्णिका घेऊन देठापासून अग्राकडे पाहत गेल्यास प्रत्येक दांत पुढें झुकलेला दिसेल. ही सेरेट कड. तळ्यांतील लाल कमोदिनीच्या तरंगत्या पानाचे दांत टोंकदार असून बाहेर पसरलेले असतात. ही डेंटेट कड. पानफुटीच्या जाड पानाची कड वाटोळ्या दांतांची असते आणि तिच्या खांचांतून नवीन रोपें फुटतात. ही क्रिनेट कड. दांतांवर पुन्हां बारीक दांत असल्यास ती द्विगुण सेरेट होय, आणि दांत अगदीं सूक्ष्म असल्यास त्यासही निराळें नांव आहे.

प्राणिशास्त्रानेंही हीच संज्ञा उचलली. सोनकिड्यांच्या कुळांतील भुंग्यांच्या मिशांचे सांधे एका बाजूस टोंकदार असून ओळीनें करवतीसारखे दिसतात. त्यांस सेरेट मिशा म्हणतात. मनुष्याच्या बरगड्यांवरून निघून खांद्याच्या फऱ्यास जाऊन मिळणाऱ्या एका स्नायूचा आरंभ बोटाबोटांनीं दांत्यांसारखा होतो, म्हणून शारीरशास्त्रांत त्याचेंही नांव याच धातूवरून पडलें आहे. सारांश, एका सुताराच्या हत्यारावरून निघालेला शब्द पान, कीटक व मनुष्यदेह या तिन्हीं ठिकाणीं स्थिरावला.

२. करवत या शब्दाची कुळी

आतां आपल्या शब्दांकडे वळूं. मराठी 'करवत' हा शब्द संस्कृत 'करपत्र' याचें प्राकृत 'करवत्त' होऊन आलेला आहे. करपत्र यांतील 'पत्र' म्हणजे पातें; परंतु तोच शब्द पानासही आहे. म्हणजे युरोपांत पानास करवतीचें नांव मिळालें, तर आपल्याकडे करवतीच्याच नांवांत पान दडलेलें आहे. सुश्रुतसंहितेंत शस्त्रकर्माचीं जीं वीस शस्त्रें सांगितलीं आहेत त्यांतही करपत्र आहे. अमरकोशांत करपत्र व क्रकच हे दोन्ही शब्द एकाच अर्थी दिलेले आहेत. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या सुमाराच्या लीलावतींत क्रकचव्यवहार नांवाचें प्रकरणच आहे. लांकूड चिरण्याच्या कामाचें माप कसें काढावें हें त्यांत सांगितलें आहे. तेव्हां क्रकच हा शब्द कवींचा नसून कारागिरांच्या व गणितज्ञांच्या नित्य व्यवहारांतला आहे.

येथें एक बारीक परंतु महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडील सुताराची जुन्या पद्धतीची करवत आपणांकडे ओढतांना कापते. म्हणून तिचे दांत मुठीकडे वळलेले असतात. युरोपांतील हातकरवत पुढें ढकलतांना कापते. तिचे दांत मुठीपासून दूर, अग्राकडे वळलेले असतात. पानाचा देठ ही मूठ समजल्यास लिनिअसचें सेरेट पान तंतोतंत युरोपीय करवतीसारखें ठरतें. आपल्या सुताराच्या करवतीसारखें पान म्हणावयाचें तर त्याचे दांत देठाकडे उलटलेले असावयास पाहिजेत, आणि तशा कडेस शास्त्रांत निराळी संज्ञा आहे. म्हणून 'करवती' हा शब्द शास्त्रीय अर्थानें वापरावयाचा झाल्यास कोणती करवत हें आधीं ठरवावें लागतें. जुन्या ग्रंथकारांस हा प्रश्न पडलाच नव्हता; कारण दांत कोणीकडे वळले आहेत हें त्यांस सांगावयाचेंच नव्हतें.

वस्त्रांतही हा शब्द आहे. विदर्भांतील टसरीच्या करवतकाठी वस्त्रांच्या कांठास दांत्यांची ओळ असते. तेथें दांत सरळ आंत किंवा बाहेर उभे असतात, कोणीकडे कललेले नसतात. तरी लोक त्यास करवतच म्हणतात. लोकव्यवहारांत करवत म्हणजे दांत्यांची ओळ, एवढाच अर्थ आहे याचा हा चांगला पुरावा होय.

३. क्रकच नांवाच्या वनस्पती व प्राणी

संस्कृत कोशांत क्रकच शब्दानें घडविलेलीं कांहीं नांवें आहेत. केतकीस क्रकचच्छद, सागास क्रकचपत्र, सरड्यास क्रकचपाद आणि एका माशास क्रकचपृष्ठी असें म्हटलेलें आढळतें. या चार नांवांची परीक्षा केली असतां आमच्या म्हणण्याचें मर्म ध्यानांत येईल.

केतकीच्या पानाच्या दोन्ही कडांस व मध्यशिरेच्या खालच्या अंगास कांटे असतात, आणि कडेचे कांटे अग्राकडे रोखलेले असतात. केवड्याचें कणीस काढतांना ज्याचा हात फाटला असेल त्यास क्रकचच्छद या नांवाचा अर्थ कोशांत पाहावा लागणार नाहीं. येथें जुनें नांव व शास्त्रीय लक्षण जवळजवळ जुळतात. तरीही शास्त्रज्ञ केतकीच्या कडेस सेरेट न म्हणतां कंटकित म्हणणें अधिक पसंत करील. कारण ते पानाच्या पात्याचे दांत नसून त्यावर उगवलेले कांटे आहेत.

सागाची गोष्ट याच्या उलट आहे. सागाचें पान मोठें, रुंद व कडेनें प्रायः अखंड असतें. त्यास करवतीचे दांत नाहींत. मग त्यास क्रकचपत्र कां म्हटलें असावें? सागाच्या पानाचा वरचा पृष्ठभाग इतका खरखरीत असतो कीं लांकूड किंवा हस्तिदंत घासून साफ करण्यास तो कागदासारखा वापरतां येतो. नांव ठेवणाऱ्यानें कडेकडे पाहिलेंच नाहीं. पान हातानें चोळून पाहिलें, असा आमचा तर्क आहे. हें नांव वाचून जो संशोधक करवती कडेच्या पानाचा वृक्ष शोधूं लागेल, त्यास साग कधींच सांपडणार नाहीं.

क्रकचपृष्ठी हा मासा म्हणजे कवयी, बंगाल्यांत ज्यास कोई म्हणतात तो. त्याच्या पाठीवरील पराचे कांटे ताठ व ओळीनें असतात. नांव त्यावरून पडलें हें उघड आहे. आधुनिक मत्स्यशास्त्रज्ञ मात्र याच माशाचें वर्णन करतांना सेरेट हा शब्द पाठीस न लावतां गालावरील झांकणाच्या कडेस लावतो. कारण खरोखर करवतीसारखी बारीक दांतेरी कड तेथें आहे. त्या झांकणाच्या व परांच्या कांट्यांच्या आधारानें हा मासा ओलसर जमिनीवरून सरपटत जातो. म्हणजे मासा एकच, करवतीची उपमाही एकच, परंतु जुन्या नांवांतली करवत पाठीवर व नव्या वर्णनांतली गालावर. शब्दाचें भाषांतर बरोबर असूनही वस्तु चुकते, ती अशी.

४. कोंकणांतील दोन साक्षी

प्राण्यांचीं आणखी दोन उदाहरणें आपल्याच किनाऱ्यावरचीं घेतों. करवत मासा, ज्यास शास्त्रांत ग्रीक भाषेंतील करवतवाचक शब्दावरून प्रिस्टिस म्हणतात, त्याच्या लांब चपट्या मुस्कटाच्या दोन्ही बाजूंस दांत असतात. हे दांत मुखांतले नव्हेत; ते कातडीवरील खवल्यांचेंच रूपांतर असून मुस्कटाच्या कांठांत खोबणींतून बसविलेले असतात. परंतु ते सरळ बाजूस निघालेले असल्यामुळें लिनिअसच्या काटेकोर लक्षणानें पाहिलें तर करवत माशाची करवत सेरेट नसून डेंटेट आहे! पूर्वी हा मासा कोंकणच्या खाड्यांतून आढळे. आतां तो फारच दुर्मिळ झाला असून इ. स. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं त्यास मारण्यास बंदी आहे. जुन्या घरांतून व देवस्थानांतून त्याचें मुस्कट ठेवलेलें आढळल्यास संग्राहकांनीं तें टाकून न देतां त्याची नोंद करून ठेवावी.

दुसरी साक्ष फुरशाची. रत्नागिरीकडील लोकांस या लहानशा विषारी सापाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. त्याच्या अंगाच्या बाजूंवरील खवले तिरपे बसलेले असून प्रत्येक खवल्याच्या मधोमध एक कंगोरा असतो, आणि त्या कंगोऱ्यास सूक्ष्म दांते असतात. फुरसें अंगाचें वेटोळें करून ते खवले एकमेकांवर घासतें व त्यांतून खरखर असा आवाज निघतो. येथें करवत अक्षरशः चालते. तिनें कांहीं कापत नाहीं, पण ती इशारा देते. इंग्रजींत या सापास करवती खवल्यांचा साप असेंच नांव आहे. इ. स. १८०१ मध्यें जर्मन पंडित श्नायडर यानें मात्र त्यास शास्त्रीय नांव देतांना दांत्यांवरून न देतां कंगोऱ्यावरून दिलें. नांव ठेवणारा अनेक लक्षणांतून एक निवडतो, हें शास्त्रज्ञांसही लागू आहे.

५. सालई व कोलब्रुक

या संज्ञेचा आपल्या जुन्या ग्रंथांशीं सर्वांत निकटचा संबंध आला तो सालईच्या झाडामुळें. सातपुडा, खानदेश व विदर्भ यांतील कोरड्या डोंगरांवर हें झाड पुष्कळ आहे. त्याच्या डिंकाचा धूप होतो. संस्कृतांत त्यास सल्लकी म्हणतात. अमरकोशांत त्याचीं जीं पर्यायनांवें आहेत त्यांत हत्ती तें खातात म्हणून गजभक्ष्या, आणि सुवासामुळें सुरभि, अशीं नांवें आहेत; कुंदुरुकी हें नांवही तेथेंच आहे. पानाच्या कडेवरून पडलेलें नांव त्यांत एकही नाहीं.

कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक रॉक्सबर्ग यांनीं या झाडास बॉसवेलिया सेराटा, म्हणजे करवती कडेचें बॉसवेलिया, असें नांव दिलें, आणि तें इ. स. १८०७ मध्यें 'एशियाटिक रिसर्चेस'च्या नवव्या खंडांत कोलब्रुक यांच्या धूपाविषयींच्या निबंधांत प्रसिद्ध झालें. हे कोलब्रुक म्हणजे इ. स. १८०८ मध्यें अमरकोश छापून प्रसिद्ध करणारे व इ. स. १८१७ मध्यें लीलावतीचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारे संस्कृतज्ञच होत. क्रकच शब्दाची कोशांतली नोंद, गणितांतला क्रकचव्यवहार व सेराटा हें वनस्पतीचें नांव, हीं तिन्ही एकाच विद्वानाच्या हातून दहा वर्षांच्या अवधींत छापखान्यांतून बाहेर पडलीं.

त्या निबंधांत कोलब्रुक यांनीं संस्कृत कुंदुरु व अरबी कुंदुर या नामसाम्यास बरेंच महत्त्व देऊन, पाश्चात्त्य व्यापारांतील धूप याच भारतीय झाडाचा असा पक्ष मांडला. पुढें मुंबईंतील कार्टर यांनीं अरबस्तानच्या किनाऱ्यावरील धूपाच्या झाडाचें वर्णन तेथील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. इ. स. १८७० मध्यें मुंबईचेच बर्डवुड यांनीं या जातीच्या झाडांवर निबंध लिहून एका झाडास कार्टर यांचें नांव दिलें. अरबस्तान व सोमाली किनारा येथील धूप निराळ्या जातींच्या झाडांपासून निघतो हें त्यानंतर सर्वमान्य झालें. नांवाचा ध्वनि सारखा असला तरी झाड एक असेलच असें नाहीं. झाड प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निर्णय होत नाहीं.

परंतु यावरून शास्त्रीय नांवच प्रमाण मानावें असेंही नाहीं. सालईच्या पर्णिकांचे दांत बोथट असतात. वर्णनकार त्यांस क्रिनेट व सेरेट यांच्या मधले म्हणतात, आणि कांहीं झाडांवर ते इतके उथळ असतात कीं कड जवळजवळ अखंड भासते. म्हणजे सेराटा हें नांवही एक खूण आहे, संपूर्ण वर्णन नव्हे. गजभक्ष्या म्हणून ज्याप्रमाणें झाडाखालीं हत्ती शोधावयाचा नसतो, त्याप्रमाणें सेराटा म्हणून प्रत्येक पर्णिकेस तीक्ष्ण दांत असावेत असा हट्ट धरावयाचा नसतो.

६. ब्राह्मीचा वाद व चित्रांचें प्रामाण्य

कडेचें लक्षण जेथें निर्णायक ठरतें असें एक उदाहरण देऊन हा भाग पुरा करतों. वैद्यक पोथ्यांत ब्राह्मी व मंडूकपर्णी या दोन वनस्पती येतात आणि व्यवहारांत दोहोंसही ब्राह्मी म्हणतात. महाराष्ट्रांत कारिवणा म्हणून प्रसिद्ध असलेली वेल अनेक ठिकाणीं ब्राह्मी म्हणूनच वापरली जाते. तिचें पान लांब देठाचें, वाटोळें किंवा वृक्काकार असून त्याची कड वाटोळ्या दांतांची असते. शास्त्रज्ञ जिला बाकोपा म्हणतात त्या नीरब्राह्मीचीं पानें लहान, मांसल, बिनदेठाचीं, समोरासमोर आणि कडेनें प्रायः अखंड असतात. पोथींतील मजकूर मोघम असला तरी समासांतील लहानसें चित्र जर प्रामाणिक असेल, तर कडेवरील चार वाटोळे दांतही वादाचा निकाल लावूं शकतात.

प्रामाणिक चित्रांचा आपल्या लोकांशीं निगडित असा मोठा संग्रह म्हणजे डच अधिकारी व्हॅन र्‍हीड यानें तयार करविलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ. तो ॲम्स्टरडॅम येथें इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडांत कोचीनचे कोंकणी वैद्य रंग भट, विनायक पंडित व आपू भट यांची इ. स. १६७५ ची साक्ष नागरी लिपींत छापलेली आहे. पुढें लिनिअसनें आपल्या ग्रंथांत भारतीय वनस्पतींस नांवें देतांना या चित्रांचा ठिकठिकाणीं आधार घेतला. ज्या पुरुषानें सेरेट शब्दास लक्षण दिलें, त्याच्या मेजावर कोंकणी वैद्यांच्या साक्षीनें सिद्ध झालेलीं पानें चित्ररूपानें होतीं. पाश्चात्त्य संज्ञा व आपलें वनस्पतिज्ञान हीं एकमेकांस परकीं नाहींत हें यावरून दिसेल.

पानाची कड हा एक प्रकारचा लेखच आहे. अमेरिकेंतील बेली व सिनट या शास्त्रज्ञांनीं इ. स. १९१५ मध्यें असें दाखविलें कीं, समशीतोष्ण प्रदेशांतील वृक्षांत दांतेरी कडेचीं पानें अधिक, तर उष्ण व सखल प्रदेशांतील वृक्षांत अखंड कडेचीं पानें अधिक असतात. त्यावरून खडकांत सांपडणाऱ्या पाषाणीभूत पानांच्या कडा मोजून लक्षावधि वर्षांपूर्वीचें हवामान अजमावण्याची रीति निघाली. एकट्या पानावरून कांहीं ठरत नाहीं. एका ठिकाणच्या पुष्कळ पानांचा समुच्चय घ्यावा लागतो. एका कागदावरून इतिहास ठरवूं नये, हा आपल्या मंडळींचा जो नियम तोच येथेंही आहे.

७. सूचना

वरील विवेचनावरून पोथ्यांची सूचि करणाऱ्यांस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, शास्त्रीय लेखनांत 'करवती' हा शब्द अग्राकडे वळलेल्या तीक्ष्ण दांतांपुरता, 'दंतुर' हा सरळ बाहेर निघालेल्या तीक्ष्ण दांतांपुरता आणि 'गोलदंती' हा वाटोळ्या दांतांपुरता राखावा. 'दातेरी' हा शब्द सर्वसामान्य अर्थानें मोकळा ठेवावा. दुसरी, जुन्या ग्रंथांतील क्रकच, दंतुर इत्यादि शब्दांस हे नवे अर्थ मागें नेऊन चिकटवूं नयेत. तेथें मूळ शब्द जसाच्या तसा देऊन तो कोणत्या अवयवास लावला आहे एवढें नोंदवावें. तिसरी, पोथींत वनस्पतीचें चित्र असल्यास कडेस दांत आहेत कीं नाहींत, ते तीक्ष्ण कीं वाटोळे, आणि देठाकडे, बाहेर कीं अग्राकडे वळलेले, या तीन गोष्टी सूचींत एका ओळींत लिहून ठेवाव्या. पोथीचें पान जीर्ण होऊन चित्र पुसलें तरी ती एक ओळ पुढील अभ्यासकास त्या वनस्पतीपर्यंत पोंचविण्यास पुरेल.